नियमशास्त्र आणि स्वातंत्र्य : गलतीकरांस पत्रातील एक पेच

पौलाने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास गलतीकरांस लिहिलेले पत्र हे मूलतः वादपत्र आहे. वादाचा विषय वरकरणी मर्यादित दिसतो : ख्रिस्ताला अनुसरणाऱ्या यहुदीतर पुरुषांनी सुंता करून घ्यावी की नाही? परंतु त्यामागील खरा प्रश्न, ईश्वराच्या कुटुंबात मनुष्याचा प्रवेश कशाच्या बळावर होतो, हा आहे. अंत्युखियात पेत्र यहुदीतरांच्या पंक्तीस बसत असे. याकोबाकडून काही मंडळी येताच तो मागे सरला आणि पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. पंक्तिभेदाचा हा प्रसंग भारतीय वाचकास परका वाटणार नाही.

येथे शब्दाचा प्रवासही ध्यानात घ्यावयास हवा. ‘तोरा’ या हिब्रू शब्दात शिकवण, मार्गदर्शन हा अर्थ प्रधान आहे. ग्रीक भाषांतरात त्याचा ‘नोमोस’ झाला आणि मराठी बायबलात ‘नियमशास्त्र’. प्रत्येक टप्प्यावर शिकवणीचा ओलावा आटत गेला आणि विधिनिषेधाची धार वाढली. म्हणूनच मराठी वाचकाला पौलाचा विरोध मुळात आहे त्याहून अधिक सरसकट भासण्याचा संभव आहे.

वस्तुतः पौल नियमशास्त्राला ‘पायदागोगोस’ म्हणतो. हा शिक्षक नव्हे. मुलाला पाठशाळेत नेणारा, त्याच्या वर्तनावर नजर ठेवणारा घरचा दास होय. मूल वयात आले की त्याचा अधिकार संपतो, तो वाईट होता म्हणून नव्हे, तर त्याचे काम पूर्ण झाले म्हणून.

मग स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार काय? पाचव्या अध्यायात पौल स्वतंत्र झालेल्यांना प्रीतीने परस्परांचे दास्य करावयास सांगतो आणि नियमशास्त्राचे सार शेजाऱ्यावरील प्रीतीच्या एका आज्ञेत पाहतो. ही आज्ञा लेवीय ग्रंथातील, म्हणजे नियमशास्त्रातीलच आहे.

१५३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ल्यूथरच्या भाष्याने या पत्रात पापभारित विवेकाची मुक्ती पाहिली. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स यांनी, यहुदी धर्मात ईश्वराच्या कृपेने झालेला करार आधी आणि नियमपालन त्यानंतर येते, असे दाखवून दिले. त्यामुळे ‘कर्मठ यहुदी विरुद्ध मुक्त ख्रिस्ती’ ही सोपी विभागणी टिकत नाही. पौलाचा रोख नियमावर नसून नियमाच्या कुंपणावर आहे. कुंपण ओलांडल्यावरही उत्तरदायित्व उरतेच, किंबहुना ते वाढते.