डोळा आणि मांडणी

गतवर्षी सहामाही परीक्षेचे वेळापत्रक आम्ही स्वहस्ते फळ्यावर लिहिले. वर तारीख व तिच्याखाली विषय, असा क्रम होता. परंतु जागा अपुरी पडल्याने ‘भूगोल’ हा शब्द आपल्या तारखेपासून दूर सरकून पुढील तारखेला जाऊन भिडला. परिणामी एक विद्यार्थी भूगोलाच्या पेपरास दुसऱ्या दिवशी हजर झाला. “सर, मी नीट वाचले होते,” असे तो रडवेला होऊन म्हणाला. आम्ही फळ्याकडे पुन्हा पाहिले, तेव्हा त्याचे म्हणणे आम्हांस पटले.

असे का घडावे? याचा उलगडा मानसशास्त्र करते. माक्स वेर्थायमर या शास्त्रज्ञाने जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे प्रयोग करून १९१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दोन स्थिर रेषा एकापाठोपाठ त्वरेने दाखविल्या, की एकच रेषा सरकल्याचा भास होतो, असे त्याने दाखविले. म्हणजे मन सुटे तुकडे पाहत नाही; ते समग्र आकृती पाहते. या विचारास जर्मन भाषेत ‘गेस्टाल्ट’ म्हणजे आकृती हे नाव मिळाले.

पुढे १९२३ साली त्याने अशा जुळणीचे नियम मांडले. ही शून्ये पाहा :

०० ०० ००

कोणी न सांगता आपणांस तीन जोड्या दिसतात. जवळ असलेल्या वस्तू मन एकत्र बांधते. हा सान्निध्याचा नियम. सारख्या रंगाच्या वा आकाराच्या वस्तूही एका गटात जातात. हा साधर्म्याचा नियम. खडूने काढलेले वर्तुळ थोडे तुटके असले, तरी ते वर्तुळच दिसते. हा पूर्ततेचा नियम.

आमच्या फळ्यावर पहिल्या नियमानेच घात केला. अक्षरे वाचण्यापूर्वीच मुलाच्या डोळ्यांनी जोडी ठरविली होती. त्याची परीक्षा पुन्हा घेण्यात आली. चूक आमची होती.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, भित्तिपत्रक, तक्ता किंवा साधी सूचना लिहिताना एकत्र असावे ते जवळ लिहा, आणि वेगळे असावे त्यामध्ये जागा मोकळी सोडा. ती जागा वाया जात नाही. वाचणाऱ्यास ती वाट दाखविते. लिहून झाल्यावर दहा पावले मागे जाऊन, आपले लेखन परक्याच्या डोळ्यांनी एकदा पाहावे. आम्ही आता तसेच करतो.