प्रकृतिपरीक्षण आणि संगणक : सी-डॅकच्या कार्याचा वैद्यकीय दृष्टीने परिचय

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचे, अर्थात सी-डॅकचे नाव निघाले की 'परम' महासंगणक डोळ्यांपुढे येतो. 1988 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' सिद्ध केला. 2020 मध्ये 'परम सिद्धी-एआय' जगातील पाचशे वेगवान महासंगणकांच्या यादीत 63 व्या स्थानी होता. ही कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु याच संस्थेने पुणे विद्यापीठातील आयुर्वेद विभागाच्या साहाय्याने 'आयुसॉफ्ट' ही प्रणाली निर्माण केली, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

संहिताग्रंथांतील ज्ञान संगणकास विचारता येईल अशा रूपात मांडणे, हा आयुसॉफ्टचा हेतू. त्यातील प्रकृतिपरीक्षणाचा भाग संशोधनात विशेष उपयोगी पडला. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दोषांच्या गुणांवरून प्रकृतिलक्षणे सांगितली आहेत : रूक्ष गुणामुळे त्वचेची रूक्षता व अल्प निद्रा, उष्ण गुणामुळे उष्णता सहन न होणे व अकाली केस पिकणे, इत्यादी. अशा लक्षणांचे प्रश्न करून, उत्तरांवरून तीन दोषांचे प्रमाण टक्क्यांत काढावे, असे या प्रणालीचे स्थूल स्वरूप आहे.

2015 मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 3,416 निरोगी पुरुषांची प्रकृती तपासण्यात आली. वैद्याचे निदान आयुसॉफ्टशी ताडून पाहिले गेले आणि एका दोषाचे स्पष्ट प्राबल्य असणाऱ्या 262 जणांचा जनुकीय अभ्यास झाला. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचा त्यात प्रमुख सहभाग होता. जनुकसंचातील 52 ठिकाणी प्रकृतींमध्ये लक्षणीय भेद आढळले. पीजीएम-1 या जनुकाचा संबंध पित्तप्रकृतीशी दिसून आला. हे जनुक शर्करेच्या चयापचयाशी निगडित आहे. अग्नीचा विचार करणाऱ्या वैद्यास याचे कुतूहल वाटल्यावाचून राहणार नाही. मात्र संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. शिवाय सर्व व्यक्ती पुरुष होत्या आणि जनुकशास्त्राच्या मानाने 262 ही संख्या लहानच होय. सभांमधून 'आयुर्वेद जनुकांनी सिद्ध झाला' अशी विधाने ऐकू येतात, ती आम्हांस घाईची वाटतात.

आता आपल्या भागाकडे वळू. कवठे महांकाळ तालुका अवर्षणप्रवण, देश जांगल. समजा, वैशाखात द्राक्षबागेत राबणारी चाळीस वर्षांची स्त्री रुग्णालयात आली. त्वचा कोरडी, टाचा भेगाळलेल्या, झोप तुटक. प्रश्नावली जशीच्या तशी भरली तर बाई वातप्रकृतीची ठरेल. पण या लक्षणांपैकी किती जन्मजात, किती उन्हाची, किती श्रमाची, हे संगणकास कळणार कसे? 'लहानपणी अंग कसे होते? तुझ्या आईची, भावंडांची ठेवण कशी? पावसाळ्यातही झोप अशीच असते का?' हे विचारणारा वैद्य प्रकृती व विकृती वेगळी करतो. येथे एक खोचही आहे. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात प्रकृतीचे जे भेद सांगितले, त्यांत जाती, कुल, काल, वय यांबरोबर देशही आहे. म्हणजे जांगल देशाचा काही अंश प्रकृतीतच मुरलेला असतो. तो सारा विकृती म्हणून वजा करणेही चूक ठरेल. या प्रश्नाचे नेमके उत्तर आमच्यापाशी नाही. एकाच व्यक्तीची प्रश्नावली ग्रीष्मात आणि पुन्हा हेमंतात भरली व दोन्हींतील फरक नोंदला, तर काही बोध होईल असे वाटते.

या कामी महासंगणकाची गरज नाही, साधी नोंदवही पुरे. नोंद करताना ऋतू, व्यवसाय, राहण्याचे गाव आणि उत्तरे स्वतः रुग्णाने दिली की सोबतच्या नातेवाइकाने, हे अवश्य लिहावे. सासूने सुनेच्या भुकेविषयी दिलेले उत्तर आणि सुनेने एकटीने दिलेले उत्तर यांत अंतर पडते, हा अनुभव वैद्यबंधू-भगिनींना नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आयुर्वेदाच्या व्याधिसंज्ञांचाही समावेश झाला आहे. तेव्हा व्याधीचे नाव लिहिताना संहितेतील संज्ञा प्रथम लिहावी आणि आधुनिक नाव त्यानंतर.