दोन कोकरांची मेंढी

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ भीमा नदीवर मोठे धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याने कित्येक गावे पोटात घेतली आणि काठावर उरलेल्या गावांचे जीवन पालटून टाकले. जेथे पूर्वी ज्वारीची कणसे डुलत, तेथे ऊस उभा राहिला. उन्हाळ्यात पाणी मागे हटले म्हणजे पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ वर डोकावू लागते, आणि उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर कोवळा चारा फुटतो. त्या चाऱ्याच्या ओढीने मेंढरांचे कळप काठाकाठाने चरत येतात.

हे मेंढके बहुधा धनगर समाजाचे. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादून ते चाऱ्यामागे निघतात. रात्री एखाद्या शेतात वाघूर लावून मेंढरे बसवितात. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढक्याला धान्य किंवा पैसे मिळतात. वाटेत मेंढी व्याली, तर चालता न येणारे कोकरू घोड्याच्या पाठीवरील सामानात बसून प्रवास करते. ही मेंढरे दख्खनी जातीची होत. रंगाने बहुतेक काळी, अंगाने काटक, थोड्या चाऱ्यावर तग धरणारी. एके काळी त्यांच्या लोकरीचे घोंगडे घरोघरी असे. आता लोकरीला भाव उरला नाही. मेंढक्याचा संसार चालतो तो कोकरे विकून. आणि दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते.

तिने दोन दिली तर?

हा प्रश्न उजनीच्या पश्चिमेस, सातारा जिल्ह्यातील फलटण येथे काही संशोधकांनी मनावर घेतला. तेथे बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ साली एक कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तिच्या पशुसंवर्धन विभागात डॉ. चंदा निंबकर व त्यांचे सहकारी यांनी मेंढीपालनाचा अभ्यास केला. बंगालमधील सुंदरबनात गरोळ नावाची एक मेंढी आहे. ती अगदी लहानखुरी. दख्खनी मेंढीपुढे ती कोकरासारखीच दिसावी. परंतु दलदलीत चरणारी ही एवढीशी मेंढी एका वेळी दोन, क्वचित तीन कोकरे देते.

हा गुण तिच्या रक्तात कोठून येतो, याची कथा मोठी गमतीची आहे. ऑस्ट्रेलियातील बुरूला नावाच्या मेंढवाड्यात काही मेरिनो मेंढ्या फार कोकरे देत. पुढे शास्त्रज्ञांना आढळले की, एका जनुकात झालेला लहानसा बदल याला कारण आहे. २००१ साली हा बदल नेमका सापडला. जनुक म्हणजे शरीराच्या प्रत्येक पेशीत लिहिलेली एक सूचना, असे समजावे. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, दुसरी बापाकडून. ही सूचना बदललेली असली म्हणजे मेंढीच्या पोटात एका वेळी एकाहून अधिक बीजांडे पक्व होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियास गेल्या होत्या. त्यांच्यातूनच हा गुण तिकडे पोचला असावा, असे मानतात. म्हणजे बंगालचीच ठेव परदेशात ओळखली गेली!

फलटणच्या संशोधकांनी गरोळचा दख्खनी मेंढ्यांशी संकर केला. मात्र गरोळचे ठेंगणे अंग त्यांना नको होते. म्हणून संकरातून झालेल्या कोकरांचा पुनःपुन्हा दख्खनी जातीशी संयोग करविला, आणि दर पिढीत रक्त तपासून ज्यांच्यात ती सूचना उतरली आहे तीच कोकरे पुढे निवडली. काही पिढ्यांनंतर देह दख्खनीचा आणि एक गुण गरोळचा, अशी मेंढी तयार झाली. तिला ‘नारी सुवर्णा’ असे नाव आहे.

मेंढक्याला दोन कोकरे मिळाली, हा लाभ उघड आहे. परंतु त्या लाभाची किंमत कोण देते, हेही पाहिले पाहिजे. जुळी कोकरे जन्मतः लहान असतात. आईच्या सडांना दूध तेवढेच, पिणारी तोंडे दोन. चारा कमी पडला तर ती आपल्या अंगावरचे मांस झिजवून त्यांना पाजते. शिवाय हे कुटुंब एका जागी राहत नाही. कळपाला रोज कित्येक कोस चालावे लागते. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांत बदललेल्या सूचनेच्या दोन्ही प्रती असल्या म्हणजे पुष्कळदा तीन किंवा अधिक कोकरे होतात, आणि त्यांतली दुबळी दगावतात. जास्त म्हणजे चांगले, हा हिशेब गोठ्यात नेहमीच बरोबर येतो असे नाही. जुळ्यांच्या आईला वेगळा खुराक दिला, पहिले काही दिवस तिला घरी ठेवले, तर तोच गुण वरदान ठरतो. न दिला तर तोच तिच्या जिवावर बेततो.

फलटणला जे झाले तो संकर होय. असा संकर माणूस हजारो वर्षे करीत आला आहे. नवीन आहे ती फक्त रक्ताची परीक्षा. पण विज्ञान येथेच थांबलेले नाही. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील सरकारी प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी डुकरांच्या बीजात वाढीचे परके जनुक घातले. डुकरांच्या अंगावर चरबी कमी झाली, हे खरे. परंतु त्यांचे सांधे सुजले, ती लंगडू लागली, त्यांच्या जठरात व्रण झाले. बाजारासाठी उत्तम ठरावे म्हणून घडविलेल्या प्राण्याला धड उभे राहता येईना. येथे निर्णय देण्यास फार विचार करावा लागत नाही.

प्रतिरूप घडविण्याची गोष्ट निराळी आहे. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये डॉली नावाची मेंढी जन्मली. तिला बाप नव्हता. एका मोठ्या मेंढीच्या पेशीपासून तिची हुबेहूब प्रतिकृती घडविली होती. त्यासाठी २७७ बीजांडे खर्ची पडली, तेव्हा एक डॉली जगली. आपल्या देशात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने २००९ च्या फेब्रुवारीत म्हशीचे असे पारडू जन्मास आणले. ते काही दिवसच जगले. जूनमध्ये जन्मलेली ‘गरिमा’ मात्र वाढली. १६ मार्च २०२३ रोजी त्याच संस्थेत ‘गंगा’ नावाची गीर जातीची कालवड याच रीतीने जन्मली. उत्तम दुधाच्या जनावराची नक्कल करता आली तर देशाला दूध अधिक मिळेल, असा हेतू त्यामागे आहे. हेतू वाईट नाही. परंतु यशस्वी वासराच्या नावाचे जेवढे कौतुक होते, तेवढी न जगलेल्यांची मोजणी कोणी करीत नाही, आणि ती व्हावयास हवी. आणखी एक गोष्ट आहे. एकाच गाईच्या शंभर नकला एकाच रोगाला सारख्याच बळी पडतील.

उजनीकाठच्या लोकांना हे कळावयास पुस्तकाची गरज नाही. तेथील गोठ्यांत पूर्वी खिलार बैल असत. शिंगे मागे वळलेली, अंग पांढरे शुभ्र, चाल वाऱ्यासारखी. दूध मात्र खिलार गाय थोडेच देते. ऊस आला, वैरण वाढली, दुधाचे संकलन गावोगाव सुरू झाले. आणि मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बायफ संस्थेसारख्यांच्या प्रयत्नांनी जर्सी व होल्स्टीन जातींचा संकर महाराष्ट्राच्या खेड्यांत पोचला. त्या गाईंनी मुलांच्या शाळेचे शुल्क भरले, लेकींची लग्ने केली. त्यांची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि वैशाखात त्याच गाई छपराखाली धापा टाकीत उभ्या असतात. ट्रॅक्टर आल्यामुळे त्यांच्या गोऱ्ह्यांना नांगराचे काम उरले नाही. ते विकले जात नाहीत, पोसणे परवडत नाही, आणि काही रस्त्यावर सोडले जातात. दुधाचा हिशेब मांडताना गोऱ्ह्याचा रकाना कोणी आखलाच नव्हता.

फलटणच्या मेंढ्यांसाठी तो रकाना आधीच आखावा लागेल. उजनीच्या पाण्याची पातळी ज्या वर्षी उण्यात जाते, त्या वर्षी गाळावरचा चारा लवकर संपतो आणि कळप दूरवर न्यावा लागतो. अशा वर्षी जुळी घेऊन चालणाऱ्या मेंढीला सरकीची पेंड कोण देणार, आणि दुसरे कोकरू बसविण्यास घोड्यावर जागा आहे काय, हे मेंढका आपला नर निवडतानाच ठरवितो.