लुकलुकणारा पडदा आणि मुलांची फीट

मध्यंतरी एका आईने प्रश्न विचारला. मुलगा अकरा वर्षांचा. काकांनी परदेशातून येताना त्याला निन्टेन्डो स्विच हे खेळाचे यंत्र आणून दिले होते. त्यावर तो 'निंजाला' खेळायचा आणि त्याच नावाचे कार्टूनही पाहायचा. पडद्यावर सतत गुलाबी, हिरवे, निळे चमकत असायचे. शेजारच्या मुलीला टीव्ही पाहता पाहता फीट आल्यापासून बाई धास्तावल्या होत्या. 'डॉक्टर, हे सगळे बंदच करू का?'

प्रश्न अगदी रास्त आहे. निंजाला हा गंगहो या जपानी कंपनीने बनवलेला खेळ २५ जून २०२० रोजी बाजारात आला. एका सामन्यात आठ खेळाडू इंटरनेटवरून एकमेकांशी लढतात. लढणारे निंजा च्युइंगगम चघळतात, त्याचा फुगा करतात आणि त्या गमचेच शस्त्र बनवतात. रक्तपात नाही, रंगांची मात्र उधळण! जानेवारी २०२२ पासून टीव्ही टोकियो या वाहिनीवर त्याची कार्टून मालिका सुरू झाली. ती ओएलएम या स्टुडिओने तयार केली. या खेळामुळे कोणाला आकडी आली, असे माझे म्हणणे नाही. पण वाहिनी आणि स्टुडिओ यांची नावे वाचली की या विषयाच्या डॉक्टरांना एक जुनी संध्याकाळ आठवते.

१६ डिसेंबर १९९७, मंगळवार. याच टीव्ही टोकियोवर, याच ओएलएमने केलेल्या 'पोकेमॉन' मालिकेचा ३८वा भाग साडेसहाला सुरू झाला. सुमारे वीस मिनिटांनी एका स्फोटाचे दृश्य आले. पडदाभर लाल आणि निळा रंग आलटून पालटून, सेकंदाला सुमारे बारा वेळा, असा काही सेकंद लखलखत राहिला. त्यानंतर जपानभर रुग्णवाहिका धावू लागल्या. ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. काहींना खरोखरीच आकडी आली, तर बऱ्याच जणांना मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला. रात्रीच्या बातम्यांत तेच दृश्य पुन्हा दाखवले गेले आणि आणखी काही मुले आजारी पडली. पोकेमॉन चार महिने बंद राहिले. तो भाग नंतर कधीच दाखवला गेला नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की आकडी आलेल्यांपैकी अनेकांना त्याआधी आयुष्यात एकदाही फीट आलेली नव्हती.

हे कसे घडते? डोळ्यांनी पाहिलेले चित्र मेंदूच्या मागच्या भागात पोहोचते. तिथल्या पेशी एरवी आपापल्या वेळेप्रमाणे काम करतात. काही जणांच्या मेंदूत मात्र उजेड ठरावीक वेगाने लुकलुकला की या पेशी एकाच ठेक्यात, एकदम काम करू लागतात. ते लोण सगळ्या मेंदूत पसरले की आकडी येते. सेकंदाला पंधरा ते वीस वेळा होणारा लखलखाट सर्वांत घातक, पण त्याच्या आसपासचे वेगही त्रास देतात. लाल रंग विशेष त्रासाचा. ठळक काळे-पांढरे पट्टेही काहींना चालत नाहीत. याला प्रकाश-संवेदनशील अपस्मार म्हणतात. खेळाच्या यंत्रासोबत येणाऱ्या सूचनांत साधारण चार हजारांत एकाला असा त्रास होऊ शकतो, असे छापलेले असते. (ते पान आपण वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.) हा त्रास बहुधा सात ते एकोणीस या वयात प्रथम दिसतो आणि मुलींमध्ये जास्त आढळतो.

एप्रिल १९९८मध्ये जपानी वाहिन्यांनी नियम केले. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, लाल रंगाबाबत तर अधिकच सावधगिरी. कार्टूनच्या सुरुवातीला मुलांना 'दिवा लावा, लांब बसा' असे सांगण्याची पद्धतही तिथे रुळली. आपल्याकडे हे सांगण्याचे काम आईबापांवरच आहे. मोबाईलवर कुठून कुठून आलेली दृश्ये मुले पाहतात, ती कोणत्या नियमाने बनली हे कोण पाहणार?

दिवा आणि अंतर यांमागे शास्त्र आहे. पडदा जितका जवळ तितका तो नजरेचा मोठा भाग व्यापतो. खोली अंधारी असेल तर लखलखाट अधिकच तीव्र वाटतो. म्हणजे रात्री पांघरुणात मोबाईल नाकाशी धरून खेळणे हे सर्वांत वाईट. त्यातच जागरण झालेले असते, आणि झोप मोडणे हे आकडीला हमखास आमंत्रण आहे. दर तासाला दहा-पंधरा मिनिटे खेळ थांबवावा. पडदा अचानक लखलखू लागला तर एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवून मान वळवावी. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत जातोच. वरातीतल्या डीजेच्या दिव्यांपुढेही हेच करावे.

काही मुलांना आकडीऐवजी बारीक झटके येतात. सकाळी हातातला ब्रश उडतो, चहाचा कप सांडतो आणि वर 'धांदरट' म्हणून बोलणी बसतात. असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे. मेंदूचा आलेख, म्हणजे ई.ई.जी., काढताना डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवून तपासता येते. औषधांनी बहुतेकांचा त्रास आटोक्यात राहतो. मुलींसाठी औषध निवडताना पुढच्या गरोदरपणाचा विचार करावा लागतो, म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी देऊ नये.

प्रत्यक्ष आकडी आली तर कांदा, चप्पल, किल्ली यांतले काहीही लागत नाही. मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूची टणक वस्तू दूर सारावी. दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८ला फोन करावा. आकडी पहिलीच असेल तर ती थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शेजारच्या त्या मुलीला अजून कोणत्याच डॉक्टरकडे नेलेले नाही, असे चौकशी करता कळले. पुढे लग्नात अडचण येईल, म्हणून घरचे बोलत नाहीत. १९९९च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट काढून टाकली आहे, हे त्यांच्या कानावर घाला, असे मी त्या बाईंना सांगितले. त्यांच्या मुलाला कधी आकडी आलेली नाही, झटकेही येत नाहीत. त्याचा खेळ मी बंद केला नाही. दिवा लावून, टीव्हीला जोडून, आठ-दहा फुटांवरून आणि रात्री नऊच्या आत, एवढेच ठरवून दिले. नऊची वेळ सोडून बाकी सगळे त्याला मान्य झाले.