पट्ट्याच्या कागदाविषयी



सौरऊर्जेच्या कंपनीचा माणूस शेताच्या भाडेपट्ट्याचा मसुदा ठेवून गेला आणि हेक्टरी दरसाल सव्वा लाख रुपये हा आकडा ऐकून घरातल्या सर्वांची मने तिकडे ओढली गेली, हे तुझ्या पत्रावरून कळले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शासनानेच हा दर धरलेला आहे आणि आपल्या कोरडवाहू ज्वारी-तुरीच्या उत्पन्नाशी ताडून पाहता तो हलका नाही. परंतु महसूल खात्याच्या चाकरीत फेरफार आणि खरेदीखते वाचण्यात ज्याची हयात गेली, त्या तुझ्या काकाचे मत असे आहे की, जमीन देणाऱ्याचे नुकसान भावात क्वचित होते. ते मुदतीच्या, हस्तांतराच्या आणि परतीच्या कलमांत होते, आणि भाव ऐकून हुरळलेल्या माणसाला ही कलमे वाचण्याइतकी स्वस्थता उरत नाही.

तुझ्या आजोबांचे ओढ्याकाठचे हेच शेत पूर्वी असेच गेले होते. दुष्काळाच्या साली एका सावकाराकडून त्यांनी धान्य आणि थोडी रक्कम उचलली, गहाणखत म्हणून पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठविला, आणि पुढे सातबाऱ्याचा उतारा काढला तेव्हा कब्जेदाराच्या रकान्यात दुसऱ्याचे नाव होते. तो कागद खरेदीखताचा होता. आपल्यासारख्या हजारो आदिवासींच्या अंगठ्यांची वेदना आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती यांनी चव्हाट्यावर मांडली, १९७२ साली शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली, आणि नंतर झालेल्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळविण्याचा मार्ग खुला केला. त्याच मार्गाने ते शेत घरात आले. म्हणून त्या शेताचा कागद करताना माझा हात थरथरतो, आणि तुझाही थरथरावा अशी माझी इच्छा आहे.

प्रथम अधिकाराचे पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराने बिगर-आदिवासीस पट्टा द्यावयाचा तर पाच वर्षांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि त्याहून दीर्घ मुदतीस शासनाची मान्यताही लागते. तुझ्या हातातला मसुदा तीस वर्षांचा आहे. ‘ते आम्ही मागाहून पाहून घेऊ’ असे कंपनीचा माणूस म्हणत असेल, तर मंजुरीचा हुकूम डोळ्यांनी वाचेपर्यंत वडिलांची सही होऊ देऊ नकोस. गाव अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून ग्रामसभेपुढेही हा विषय उघडपणे ठेव. नंतर पट्टा दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदव. पट्ट्यासोबत कोणी मुखत्यारपत्र पुढे करील. त्यास साफ नकार दे.

आता मुदतीचे. अमेरिकेत जमिनीचा धनी पुष्कळ ठिकाणी भूगर्भातील तेलाचाही धनी असतो. आपल्याकडे खनिजांवरील हक्क शासनाचा, त्यामुळे तिकडच्यासारखा तेलाच्या उत्पन्नातील हिस्सा आपल्याला मागता येत नाही. परंतु तिथल्या शेतकऱ्यांची एक सावधगिरी अवश्य उचलण्यासारखी आहे. ठरलेल्या मुदतीत कंपनीने तेलाची विहीर खोदली नाही, तर तिला दिलेला पट्टा आपोआप संपतो. तुझ्या मसुद्यात असे कलम नाही. दोन वर्षांत प्रकल्प उभा राहून वीज सुरू झाली नाही तर जमीन विनाशर्त परत, असे लिहून घे. नाहीतर तुझे शेत पडीक राहील आणि पट्टा मात्र जिवंत राहील.

हस्तांतराविषयी मसुदा मौन आहे, आणि ते मौन निरुपद्रवी नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे उलट करार नसेल तर पट्टेदार आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो, गहाणही टाकू शकतो. आज ज्याच्याशी बोललास तो उद्या राहीलच असे नाही, म्हणून जमीन देणाऱ्याच्या लेखी संमतीची अट घाल. भाडेवाढीचेही तसेच आहे. दरसाल तीन टक्के वाढ मूळ दरावर धरली तर तिसाव्या वर्षी हेक्टरी २,३३,७५० रुपये होतात, मागील वर्षाच्या दरावर धरली तर २,९४,००० च्या वर जातात. ‘तीन टक्के वाढ’ एवढ्या शब्दांवर संतुष्ट राहू नकोस.

आणि परतीचे कलम. हा पट्टा सरेल तेव्हा तू साठीच्या घरात असशील आणि आज अंगणवाडीत जाणारी तुझी मुलगी त्या शेताची वारस असेल. लोखंडी खांब, काँक्रीटचे पाये, गाडलेल्या केबली आणि मुरमाचा रस्ता कंपनीने स्वखर्चाने काढून काळी माती पूर्ववत करावी, आणि त्या खर्चापुरती बँकेची हमी आजच द्यावी, असे लिहून घे. कारण त्या वेळी कंपनी कोणत्या नावाने आणि कोठे असेल हे कोणास सांगता येत नाही. बांधावरचा ओहोळ बुजणार नाही आणि विहिरीकडची वाट मोकळी राहील, हेही मोजणीच्या नकाशावर रंगाने दाखवून घे.

मसुद्याची नक्कल, अलीकडचा सातबारा, आठ-अ आणि मोजणीचा नकाशा घेऊन येत्या रविवारी ये. वडिलांनाही आण, कारण सही त्यांची आहे. आपण दोघे त्यांना प्रत्येक कलम मोठ्याने वाचून दाखवू, आणि त्यांच्या शंका संपेपर्यंत कंपनीच्या माणसाला थांबावयास सांग.

तुझा,
काका