कांद्याच्या मुळांनी शिकवलेलं

१. बुरशी दिसली की मारायची, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. एका वर्षी कांद्याच्या रोपांत मर येऊ नये म्हणून वाफ्यांवर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची तीनदा आळवणी केली. मर थांबली, पण लागणीनंतर रोपं महिनाभर जागची उठेनात. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालं होतं. मग ही उपासमार कसली?

२. उत्तर मुलीनं दाखवलं. तिनं कॉलेजात कांद्याची मुळं उकळून, शाई नि व्हिनेगरमध्ये रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बांधालगतच्या धडधाकट रोपाच्या पेशींत निळी, इवलीइवली झुडपं दिसली. ती बुरशी होती! कांद्याचं मूळ जाड, फाटे थोडे, केसमुळं नावालाच. स्फुरद मातीत फारसं सरकत नाही. मुळालगतचं संपलं की पीक उपाशी. बुरशीचे केसाहून बारीक धागे त्या रित्या पट्ट्यापलीकडे जातात, स्फुरद आणि जस्त आणतात, बदल्यात झाडाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेतात. स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही अशी झुडपं सापडली आहेत. इतकी जुनी सोबत, आणि माझ्या वाफ्यात मी तीच तोडत होतो.

३. आयतं स्फुरद मिळालं की झाड बुरशीला पोसणं कमी करतं. माती परीक्षण पाहिल्याशिवाय आता डीएपी या स्फुरदयुक्त खताची गोणी फोडत नाही.

४. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये रान फार काळ पडीक ठेवलं की पुढचं पीक खुरटायचं. कारण हेच निघालं. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक ही पिकं तिला थारा देत नाहीत. म्हणून कोबीच्या वावरात मी लगेच कांदा लावत नाही, मधे मका नाहीतर मूग घेतो. बाजारात मायकोरायझा नावानं मिळणारी हीच बुरशी मीही वापरून पाहिली. पण वावरात आहे तीच बुरशी जगवणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

५. १९९८ साली मार्सेल फान डेर हायडेन आणि सहकाऱ्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मातीत या बुरशीच्या जाती जितक्या जास्त, तितकी वर उगवणाऱ्या वनस्पतींत विविधता जास्त, असं त्यांना दिसलं. कारण प्रत्येक वनस्पतीला मानवणारी बुरशी वेगळी. हे कळल्यापासून बांधावर तणनाशक मारलेलं नाही. कांदा निघून रान मोकळं झालं, की तिथल्या हरळी नि दगडीपाल्याच्या मुळांवर ही बुरशी तगून राहते.