मेडिकल टाकायचंय? आधी एक वर्ष दुसऱ्याच्या काउंटरवर काढा

मेडिकल स्टोअरच्या व्हिडिओनंतर औंढा नागनाथच्या एका मुलाचा मेसेज आला. असा प्रश्न बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहितोय. मेसेज असा होता: "सर, माझं बी.ए. झालंय. बसस्टँडजवळ गाळा बघून ठेवलाय. एका फार्मासिस्टचं सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्यानं मिळतंय. यंदाच्या हळदीचे पैसे बाबा द्यायला तयार आहेत. टाकू का मेडिकल?"

दादा, आत्ता नको. गाळा चांगला असेल, बाबांचा विश्वासही खरा आहे. पण ज्या सर्टिफिकेटवर तुम्ही हे सगळं उभं करताय, ते तुमचं नाही आणि त्याचा मालक दुकानात बसणारही नाही.

आधी कायद्याचं बघू

मेडिकलचा मालक स्वतः फार्मासिस्टच असला पाहिजे असं नाही. बी.ए. झालेला माणूसही दुकान काढू शकतो. लागतं काय? निदान १० चौरस मीटर जागा, फ्रिज, अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं, २० आणि २१ नंबरच्या फॉर्मवरचं लायसन्स आणि नोंदणी असलेला फार्मासिस्ट. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध त्या फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या डोळ्यांसमोर दिलं गेलं पाहिजे. भिंतीवर टांगलेलं सर्टिफिकेट कुणावर देखरेख करत नाही.

"सगळेच असं करतात," असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना, २०१२-१३ च्या सुमारास, महाराष्ट्रात याच मुद्द्यावर तपासण्या झाल्या. फार्मासिस्ट हजर नाही, बिलं नाहीत अशा दुकानांवर कारवाई झाली. त्यावर दुकानदारांनी संपही केले. तुमचं लायसन्स निलंबित झालं, तर भाड्याचा फार्मासिस्ट दुसरं दुकान शोधेल. हळदीचे पैसे मात्र तुमच्या रॅकवर अडकून पडतील.

आणि समजा तपासणी झालीच नाही. पण चिठ्ठीवरचं नाव चुकीचं वाचून तुम्ही कुणाच्या आजीला साखरेची भलतीच गोळी दिली, तर? तेव्हा विचारायला शेजारी कुणीच नसेल.

मग काम कसलं मिळेल?

परदेशात फार्मसी टेक्निशियन नावाची वेगळी नोकरी असते. आपल्याकडे त्याला साधं "मेडिकलवर कामाला आहे" म्हणतात. आलेला माल उतरवून घ्यायचा, बिलाशी बॅच नंबर आणि एक्सपायरी ताडून बघायची, रॅक लावायचे, संपत आलेला माल वहीत लिहायचा, बिलं करायची. पगार फार नसतो. पण फार्मासिस्ट खरोखर बसतो असंच दुकान शोधा. नाहीतर शिकायला जाल आणि त्याच्याऐवजी तुम्हालाच औषधं द्यायला उभं करतील.

पहिले दोन महिने काउंटरवर जायची घाई करू नका, मागच्या रॅकवर राहा. ज्याची एक्सपायरी आधी, तो माल पुढे. वाचायला सोपं आहे, पण संध्याकाळच्या गर्दीत नवा डबा फोडून पुढे ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. मग मागची पट्टी मागेच मरते. एक्सपायर झालेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा, "विक्रीसाठी नाही" असं लिहिलेल्या खोक्यात ठेवावा लागतो. स्टॉकिस्ट तो कधीपर्यंत परत घेतो, क्रेडिट नोट किती दिवसांनी देतो, फोडलेली पट्टी घेतो का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. मालकाकडून हे विचारून विचारून लिहून घ्या.

कारण नफा किती बारीक आहे बघा. सरकारनं ज्या औषधांची कमाल किंमत ठरवलीय, तिच्यात २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं. पण ते विक्रीवर नाही, दुकानदाराला पडणाऱ्या किमतीवर. म्हणजे जीएसटी सोडून १०० ला घेतलं, ११६ ला विकलं. विक्रीवर काढलं तर १४ टक्केसुद्धा भरत नाहीत. आता गिऱ्हाईक म्हणालं, "हिंगोलीला १० टक्के सूट देतात." दिलीत. ११ रुपये ६० पैसे गेले, हातात राहिले ४ रुपये ४० पैसे. त्यातून गाळ्याचं भाडं, लाईटबिल, फार्मासिस्टचा पगार. आणि १०० रुपयांची एक पट्टी परत न जाता एक्सपायर झाली, तर ते १०० भरून काढायला सूट न देता तशा सात पट्ट्या विकाव्या लागतात. बाकीच्या औषधांवर बाजारात साधारण २० टक्के धरतात, म्हणून दुकान चालतं. स्कीमच्या मोहात दहावर एक फुकट म्हणून वर्षभराचा माल भरणारे मात्र याच हिशोबात बुडतात.

उधारीचंही तिथेच शिका. औंढ्यासारख्या गावात "सोयाबीन विकलं की देतो" म्हणणारे काका खोटं बोलत नसतात, पण स्टॉकिस्ट सोयाबीनची वाट बघत नाही. कुणाला किती दिवस थांबायचं, कुणाला हसून नाही म्हणायचं, हे मुरलेला मालक कसं करतो ते नुसतं बघत राहा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाला गर्दी होते, तेव्हा ओआरएस, पट्ट्या, ॲसिडिटीच्या गोळ्या किती जातात ते तारखेसह लिहून ठेवा. असली माहिती तुम्हाला कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही.

काउंटरवर आलात की एकच सवय लावा. अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, फार्मासिस्टला दाखवायचं. त्यालाही लागलं नाही तर तो डॉक्टरांना फोन करेल. गिऱ्हाईक चिडलं तर चिडू द्या. लाल चौकटीतला इशारा असलेली शेड्यूल एच-वनची औषधं, उदाहरणार्थ सेफिक्झिम, मागणाऱ्याला चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. डॉक्टर, पेशंट, औषध आणि नग, सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये चढतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे, म्हणून लाईट गेली की मालक काय करतो तेही बघून ठेवा. आणि वाचता न येणाऱ्या मावशींना पट्टीवर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढून देणारा फार्मासिस्ट भेटला, तर त्याच्या हाताखाली पगार थोडा कमी असला तरी राहा.

वर्षानंतर

दोन रस्ते आहेत. बारावी सायन्सला असेल तर डी.फार्म. करा. दोन वर्षं अधिक ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. बारावी आर्ट्सची असेल, तर पूर्णवेळ बसणारा फार्मासिस्ट पगारावर ठेवा आणि त्याचा पगार पहिल्या दिवसापासून खर्चात धरा. तो पगार धरल्यावर तुमचा हिशोब बसत नसेल, तर तो गाळा मेडिकलचा नाही. तिथे दुसरं काही चालतं का बघू.

राहिला शेवटचा प्रश्न: शिकायला औंढ्यातच राहू की हिंगोलीला जाऊ? हिंगोलीला जा. ज्या मालकाकडून शिकलात त्याच्याच समोर दुकान टाकायची वेळ येऊ देऊ नका, आणि पुढे स्वतःचं काढायचंय हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. काही जण नाही म्हणतील. जो हो म्हणेल त्याच्याकडे संध्याकाळची पाळी मागा. दवाखान्यांतून चिठ्ठ्या येतात त्या तेव्हाच.